पटवारकीचे वतन आणि सरकारची नोकरी

६ जानेवारी १९८४ रोजी आंध्र प्रदेशात एक वटहुकूम निघाला आणि राज्यातील सर्व अंशकालीन ग्राम अधिकाऱ्यांची पदे रद्द झाली. किनारपट्टीचे करणम् आणि मुन्सिफ, आपल्या तेलंगणातील मालीपटेल, पोलीसपटेल आणि पटवारी असे सगळेच त्यात आले. एन. टी. रामाराव यांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी होऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. पैनगंगेच्या या काठावरील जुन्या मराठी घरांत त्या घटनेचा उल्लेख आजही 'पटवारकी गेली' अशा दोनच शब्दांत होतो. घरातील जाणते माणूस गेल्याचे सांगावे तसा तो स्वर असतो.

वटहुकमाच्या नावातील 'अंशकालीन' हा शब्द आम्हांला नेहमीच विचार करायला लावतो. पिढ्यान् पिढ्या ज्याला गावाने 'पटवारी' या एकाच नावाने ओळखले, ज्याच्या दारात खातेदार सकाळपासून बसून राही, तो कायद्याच्या दृष्टीने दिवसाचे थोडे तास सरकारी काम करणारा एक माणूस होता. घराची समजूत वेगळी, सरकारची समजूत वेगळी. त्या दोन समजुतींमधील अंतर नीट मोजल्याशिवाय १९८४ साली आपल्या घरांतून नेमके काय गेले हे कळणार नाही. ते मोजण्याचा हा प्रयत्न आहे. खासगी पेढीतली चाकरी सोडून सरकारी नोकरीत जाणे ही गोष्ट आजच्या तरुणांना एका माणसाची, एका अर्जाची वाटते. आपल्याकडे एका संपूर्ण पेशाने हा पल्ला ओलांडला आणि त्याला सव्वाशे वर्षे लागली.

आधी वतनाविषयी. 'वतन' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ जन्मभूमी. मराठी मुलखात त्याला वंशपरंपरागत हक्काचा अर्थ चिकटला. कुलकर्ण्याचे वतन म्हणजे गावाचा हिशेब लिहिण्याचा हक्क आणि त्याबदल्यात मिळणारे इनाम, मुशाहिरा, मानपान. या हक्काशी माणसे कशी वागत ते पाहिले, की तो काय होता हे उमगते. भाऊ वेगळे झाले की शेताप्रमाणे वतनाच्याही तक्षिमा पडत. काम एकच असल्यामुळे वर्षाच्या पाळ्या लावीत. वतन गहाण पडे, विकले जाई, दत्तकाकडे जाई. तंटा झाला तर गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. नोकरी गहाण ठेवता येत नाही, भावाशी अर्धी वाटून घेता येत नाही. वतनाची मात्र सारी वागणूक मालमत्तेची होती. काम तेवढे सार्वजनिक होते.

यात आपल्या लोकांनी जगावेगळे काही केले असे नाही. फ्रान्समध्ये न्यायाधीशाची आणि करवसुलीची पदे राजाकडून विकत घेत, मुलाकडे देत. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रसभेने ती पद्धत मोडीत काढली. इंग्लंडच्या लष्करात पायदळाची व घोडदळाची अधिकारपदे १८७१ पर्यंत पैसे मोजून मिळत. सार्वजनिक काम खासगी मालकीचे असणे ही जुन्या जगाची सर्वसाधारण रीत होती. ती मोडायला प्रत्येक देशाने आपापला मुहूर्त काढला.

निजामाच्या राज्यात पहिला मुहूर्त सालारजंगांनी काढला. १८५३ साली वयाच्या पंचविशीच्या आत दिवाणगिरी हाती आली तेव्हा राज्याची वसुली मक्त्याने दिलेली होती. ज्याला तालुकदार म्हणत तो पगारी अधिकारी नसून ठेकेदार होता. त्याने सरकारात ठरलेला आकडा भरावा आणि रयतेकडून जमेल तेवढे काढावे. त्याच्यामागे सावकार, सावकारामागे अरब आणि रोहिले पहारेकरी. त्याच वर्षी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून द्यावे लागले, त्याच्या मुळाशी कर्जाचा हाच गुंता होता. सालारजंगांनी ठेके हळूहळू काढून घेतले आणि १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी आणली. जिल्हा, तालुका, पगारी तालुकदार, पगारी तहसीलदार. परगण्याचे देशमुख आणि देशपांडे वसुलीतून बाजूला झाले, त्यांना रुसूम म्हणून सालाना नेमणूक मिळाली. हुद्दा गेला आणि पैसा राहिला. अनेक घराण्यांनी हा सौदा मुकाट्याने पत्करला. आडनाव मात्र शिल्लक राहिले, ते आजही आपल्या दारांवरील पाट्यांवर आहे.

जिल्हाबंदी तालुक्याच्या कचेरीपर्यंत आली आणि गावाच्या वेशीबाहेर थांबली. हा मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. वरचा सारा जिना सरकारी झाला आणि तळची पायरी वतनदाराची राहिली. कारण उघड होते. गावाचे बांध, पट्टे, पडीक कोणते आणि वहितीत कोणते, कोणाचा बाप कोण, हे त्या एका घराला ठाऊक होते आणि त्या घराच्या दप्तरात लिहिलेले होते. वसुलीच्या प्रमाणात थोडासा मोबदला देऊन हे सारे ज्ञान सरकारला मिळत होते. पगारी माणूस नेमायचा तर त्याला हे शिकायला दहा वर्षे लागली असती. सरकारने स्वस्तातला मार्ग घेतला.

आपल्या जिल्ह्यात ही तळची पायरी अधिकच निसरडी होती. पूर्वी 'सिरपूर-तांडूर' हा उपजिल्हा होता, १९०५ साली त्याचा आदिलाबाद जिल्हा झाला. जंगल दाट, वस्ती विरळ, आणि वस्तीत गोंड-कोलाम अधिक. कागदावर ज्याच्या नावे पटवारकी तो पुष्कळदा गावात राहतच नसे. तो 'असल'. त्याच्या वतीने लिहिणारा तो गुमास्ता. असल अज्ञान मूल असू शके, विधवा असू शके, नाहीतर दूरच्या मोठ्या गावी घर करून असे. गुमास्ता एकाच वेळी पाचसहा गावांचा कागद सांभाळी. असलाला आपला वाटा पोचला म्हणजे त्याची तक्रार नसे, आणि कागद काय म्हणतो हे वाचू शकणारा दुसरा कोणी गावात नसे.

यापुढचे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो, पण इतिहास लिहायचा तर ते गाळता येणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज नदीपलीकडून या काळ्या जमिनीच्या ओढीने आले. कापूस पिकवणारी जमीन होती, रस्ते होऊ लागले होते. ज्या जमिनी त्यांनी पट्ट्याने घेतल्या त्यांतील कितीतरी आधीपासून कुणीतरी कसत होते. कसणाऱ्याचे नाव वहीत नव्हते. गोंडांची शेती फिरती, पडीक ठेवून पुन्हा धरायची. वहीला ती 'पडीक' दिसे. १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारला या डोंगराळ भागात काय चालले आहे हे समजून घ्यावेसे वाटले आणि क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेन्डॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे पाहणीचे काम आले. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन गोंडांच्या नावे नाही आणि ती बाहेरून आलेल्यांच्या नावे चढत आहे, हे त्यांनी लिहून ठेवले. त्या चढवण्यात गावच्या लेखणीचा वाटा होता, हेही.

हाइमेन्डॉर्फांनी १९४३ मध्ये मारलवाईला गोंडांसाठी शिक्षणकेंद्र सुरू करवले. तेथे गोंडी भाषा देवनागरी लिपीत शिकवीत. त्या केंद्रातून शिक्षक तयार झाले हे पुष्कळांना माहीत आहे. तेथूनच काही गोंड तरुण पटवारकीसारख्या गावकामासाठीही तयार झाले, हे फारसे सांगितले जात नाही. आमच्या दृष्टीने आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली ती मोठी गोष्ट आहे. वंशाने न आलेला, शिकून आलेला पटवारी या जंगलात १९८४ च्या चाळीस वर्षे आधी दिसू लागला होता. १३५६ फसलीत, म्हणजे १९४६ च्या सुमारास, आदिवासी क्षेत्रासाठी वेगळा कायदाही आला. पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. पोलीस कारवाई, राज्य बदलणे, प्रांत बदलणे यांच्या धबडग्यात त्या प्रयोगाचा जोर ओसरला. सपाटीच्या गावांत वतन होते तसेच चालू राहिले.

१९५६ चा नोव्हेंबर आला आणि भाषेच्या आधारे जिल्ह्याचे तुकडे झाले. किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उरलेला आदिलाबाद आंध्रात राहिला आणि मुधोळ-भैंसा नांदेडातून इकडे आले. एकाच कुळातले दोन भाऊ, दोघेही पटवारी, एक नदीच्या त्या अंगाला आणि एक या अंगाला, अशी स्थिती झाली. तिकडे १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद संपले. १९६६ ची जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि गावाचा कागद सझ्यावर नेमलेल्या, बदली होणाऱ्या, पगारी तलाठ्याकडे गेला. पलीकडच्या चुलतभावाने परीक्षा दिली, तलाठी झाला, दुसऱ्या तालुक्यात बदलून गेला, आणि निवृत्त होऊन पेन्शन घेऊ लागला. इकडचा चुलतभाऊ आपल्याच ओसरीवर वतनाची वही लिहीत राहिला. त्याला वाटे आपण सुखी. कुणाची बदली नाही, कुणाचा साहेब नाही.

त्याला एक बातमी बहुधा कळली नसावी. डिसेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्रातल्या एका गावच्या मुन्सिफपदाचा तंटा आला. गावाचे दोन भाग झाले होते आणि नव्या गावाच्या पदासाठी जुन्या पदाधिकाऱ्याच्या घरातल्या माणसाला जुन्या मद्रास कायद्याने अग्रक्रम मिळत होता. न्यायालयाने ती तरतूद रद्दबातल ठरवली. हे पद राज्याच्या सेवेतले पद आहे आणि संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने अशा पदासाठी केवळ वंशावरून कुणाला डावलता येत नाही, असा निकाल झाला. गाझुला दशरथ राम राव या नावाने तो ओळखला जातो. कायद्याच्या भाषेत पटवारकीचे वतन त्या दिवशीच संपले. दप्तर आपल्या घरी असले तरी पद आपले नाही, हे ठरून गेले. गावात ही गोष्ट पोचायला आणखी तेवीस वर्षे लागली.

त्या काळात दुसरेही एक स्थित्यंतर शेजारून चालले होते, त्याची तुलना करून पाहावी. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचा धंदा सरकारने वटहुकमाने ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आपलेच. दोनशे पंचेचाळीस कंपन्या व मंडळ्या एकत्र होऊन त्याच वर्षी १ सप्टेंबरला महामंडळ उभे राहिले. साताऱ्याच्या वेस्टर्न इंडियासारख्या कंपनीतला कारकून खासगी नोकर म्हणून झोपला आणि सरकारी होऊन उठला, असे म्हणायला हरकत नाही. त्याचे टेबल तेच, लेजर तेच. धनी तेवढा बदलला. पटवाऱ्याच्या बाबतीत नोकर आणि धनी एकाच धोतरात होते. सरकारीकरण झाले ते धन्याचे, आणि नोकराला घरी पाठवले गेले. म्हणूनच विमा कारकुनाच्या घरी त्या दिवसाची आठवण पेढ्यांची असेल आणि आपल्याकडे ती सुतकाची आहे.

हे सुतक सर्वांचे होते का, असाही प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने काढून तलाठी नेमले तेव्हा मोठा गहजब झाला होता. त्याच वर्षी त्यांनी महार वतनेही काढली. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. कुलकर्ण्याच्या ओसरीवरून वतन म्हणजे प्रतिष्ठा दिसे. त्याच गावच्या महारवाड्यातून तेच वतन म्हणजे चतकोर जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवसाची बांधील चाकरी दिसे. ती चाकरी सुटावी आणि काम करायचे तर त्याला रोख पगार मिळावा, हे मागणे होते. आपल्या भागातले सेतसिंदी, नीरडी, कावलकार हे पटवाऱ्याच्याच मागे वह्या उचलून चालणारे लोक. पटवारकी गेली तेव्हा त्यांच्या घरात काय म्हणाले असतील, हे आपल्यापैकी कुणी विचारले नाही.

१९८४ च्या वटहुकमाविरुद्ध ग्राम अधिकारी न्यायालयात गेले. वटहुकूम संपला की त्याच्याजागी दुसरा निघे, विधिमंडळात कायदा होत नसे, हा त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. एकदा रद्द झालेले पद वटहुकूम सरल्याने जिवंत होत नाही, असे सांगितले. त्यातले काही तत्त्व २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने चुकीचे ठरवले. पण तोवर या वादातल्या बहुतेक पटवाऱ्यांची वये उलटून गेली होती. कायद्याचा न्याय असा उशिरा येतो तेव्हा तो अभ्यासकांपुरता उरतो.

आमचे मत असे, की पद्धत मोडणे योग्य होते आणि मोडण्याची रीत उतावळी होती. तामिळनाडूत तीनच वर्षे आधी, नोव्हेंबर १९८० मध्ये, असेच झाले होते, तेव्हा काय अडचणी येतात हे दिसलेले होते. गावाची माहिती ज्याच्या डोक्यात त्याला एका दिवसात बाजूला करायचे, तर ती माहिती कागदावर पुरती उतरवून घ्यायला हवी होती. १९८५ च्या मे महिन्यात तालुके जाऊन मंडळे आली, कचेऱ्या बदलल्या, आणि दप्तरांची पुन्हा एकदा हलवाहलव झाली. कुठला बस्ता कुठे गेला याचा मेळ नंतर लागणे कठीण झाले. तेलंगणात जमिनीचा वाद निघाला की आजही १९५४-५५ ची खासरा पहाणी काढावी लागते, याचे कारण त्यानंतरच्या कागदांवर लोकांचा तितका भरवसा नाही.

मराठी घरांना आणखी एक वेगळा फटका बसला, आणि त्याविषयी फारसे कुणी लिहिलेले नाही. आपल्या पूर्वजांची विद्या मोडीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कचेरीत उर्दू आली तेव्हा त्यांनी उर्दू शिकून घेतली, कारण वतन टिकवायचे होते. १९६६ मध्ये तेलुगू राज्यभाषा झाली. वतन असेपर्यंत बोलण्यापुरती तेलुगू पुरली. वतन गेल्यावर सरकारी नोकरी हाच एक मार्ग उरला आणि त्या दारात परीक्षा होती, तीही तेलुगूत. किनवटच्या भावाच्या मुलाने मराठीत परीक्षा दिली. भीमपूरकडच्या भावाच्या मुलाला आधी नवी वर्णमाला गिरवावी लागली. जे गिरवू शकले ते शाळामास्तर झाले, बसच्या महामंडळात गेले, बँकेत लागले. बाकीचे शेतीवर राहिले. आज आपल्या घरांत तेलुगू लिहिता-वाचता येणारी पिढी आहे, तिच्या मुळाशी गेलेली पटवारकी आहे. मोडी वाचणारा मात्र पंचक्रोशीत शोधावा लागतो.

पुढची हकिकत अलीकडची आहे, ती थोडक्यात सांगतो. मधल्या काळात गावच्या कागदासाठी निरनिराळ्या नावांची माणसे नेमून झाली. २००७ पासून ग्राममहसूल अधिकारी हे पद रूढ झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्यांची फेररचना झाली त्यात भीमपूर स्वतः मंडळाचे ठिकाण बनले. मग ७ सप्टेंबर २०२० उजाडला. त्या दिवशी ग्राममहसूल अधिकाऱ्यांनी आपल्याकडचे सर्व दप्तर संध्याकाळच्या आत जमा करावे असा हुकूम सुटला आणि त्याच महिन्यात ते पदही कायद्याने रद्द झाले. ऑक्टोबरअखेर 'धरणी' संकेतस्थळ सुरू झाले. ज्यांची पदे गेली ते या वेळी पगारी सरकारी नोकर होते. त्यांना घरी जावे लागले नाही, २०२२ मध्ये इतर खात्यांत वाटून दिले गेले. १९८४ आणि २०२० मधला फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. वतनदाराचे पद गेले की त्याचे सारेच जाई. नोकराचे पद गेले तरी नोकरी राहते.

२०२३ मध्ये वीस हजारांहून अधिक ग्राममहसूल साहाय्यकांना वेतनश्रेणीत घेण्याचा निर्णय झाला. हे साहाय्यक म्हणजे त्या जुन्या सेतसिंदी-नीरडींचे वारस. त्यांतले अनेक जण बापाच्या जागी आलेले. पटवाऱ्यामागून वही उचलून चालणाऱ्याच्या नातवाला पगाराची श्रेणी मिळायला पटवारकी गेल्यावर आणखी एकोणचाळीस वर्षे जावी लागली.

२०२५ मध्ये 'धरणी'च्या जागी 'भूभारती' आली आणि गावाला कागद सांभाळणारा माणूस लागतोच हे सरकारने पुन्हा मान्य केले. ग्राम पालन अधिकारी असे नवे पद निघाले. ज्यांना इतर खात्यांत पाठवले होते त्याच जुन्या ग्राममहसूल अधिकाऱ्यांना आणि साहाय्यकांना त्यासाठी अर्ज करायला सांगितले गेले, चाळणी परीक्षा झाली, आणि त्या सप्टेंबरात पाच हजारांच्या आसपास माणसे नेमणुकीचे कागद घेऊन गावांकडे परतली. त्यांना बसायला जागा, ठेवायला कपाट आणि वाचायला जुन्या वह्या हव्या आहेत. त्यांतल्या काही वह्या अजून आपल्याच माळ्यांवर, लाल रुमालात बांधलेल्या पडून आहेत.